लयधर

सोमवारी सकाळी साडेदहाला शाळेच्या फाटकावरचा आकडा बदलायचा. सव्वादहापासूनच पालक जमायला लागत. कुणी स्कूटर उभी करून, कुणी डोक्यावर ओला पंचा टाकून, कुणी धाकट्याला कडेवर घेऊन. सोलापूरच्या पूर्व भागातल्या या महापालिका शाळेला सगळे टाकीखालची शाळा म्हणत. पाण्याच्या उंच टाकीची सावली दुपारपर्यंत तिच्या पटांगणात असायची, आणि उन्हाळ्यात सत्तेचाळीस अंशांवर तापणाऱ्या गावात सावलीचं नाव शाळेला पडलं तर नवल नाही.

साडेदहाला फळीवर हिरवे दिवे लागले. सहावी अ: ७१.

"ऱ्हायला बाबा आकडा," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, आणि लोक पांगले.

गिरिजा हंचाटे वर्गाच्या खिडकीतून हे सारं बघायच्या आणि आपण बघतोय हे कुणाला कळू नये म्हणून कोराच फळा पुन्हा पुसायच्या. सव्वीस वर्षं नोकरी झालेल्या बाईला हे शोभत नव्हतं. पण एकाहत्तर म्हणजे काही गंमत नव्हती. शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत एक काचेच्या भिंतींची थंडगार खाजगी शाळा होती. तिच्या बसगाड्या वस्तीच्या तोंडाशी येऊन मुलं उचलून न्यायच्या. त्या काचेच्या शाळेतल्या सहावीचा आकडाही सहासष्टच्या वर जात नव्हता.

हा आकडा कसला, ते आधी सांगायला हवं. अकरा ते चौदा या वयात माणसाच्या मेंदूत मोठी आवराआवर चालते. लहानपणी जमतील तशा जोडल्या गेलेल्या पेशींमधल्या पुष्कळशा जोडण्या या तीन वर्षांत छाटल्या जातात आणि उरलेल्या आयुष्यभरासाठी पक्क्या होतात. कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या छाटायच्या, हे मेंदू आजूबाजूचे मेंदू बघून ठरवतो. या वयाचं मूल शिक्षकांकडून शिकतं असं आपण धरून चालतो. खरं तर ते शेजारच्या बाकाकडून शिकत असतं. वर्गातल्या मुलांच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी एका ठेक्यात आल्या की समज एकाकडून दुसऱ्याकडे पसरते, आणि ठेका मोडला की शिक्षकानं घसा फोडून काही होत नाही. या ठेक्याला शास्त्रज्ञांनी वर्गलय असं नाव दिलं. प्रत्येक मुलाच्या कानामागे मसुराएवढी टिकली चिकटवायची, तिच्यातून आठवडाभर लहरी टिपायच्या आणि शून्य ते शंभरात वर्गाचा आकडा काढायचा. चाळीसच्या खालचा वर्ग म्हणजे एका खोलीत बसलेली नुसती मुलं.

शोध चांगला होता. पण पालकांना कळायला हवं म्हणून आकडे फाटकावर लावायचा कायदा झाला, आणि इथंच सगळं फिसकटलं. आकडा पन्नासाखाली गेला की ज्यांना जमेल ते आपलं मूल काढून घेत. मुलं गेली की आकडा आणखी घसरे, मग ज्यांना जमत नसे तेही कसंबसं जमवत. पाचवीपर्यंत महापालिकेची शाळा चालायची, कारण त्या वयात लय तितकीशी लागत नाही. सहावीचं नाव निघालं की दाखल्यांसाठी रांग. वीसच्या खाली पट गेला की वर्ग बंद, आणि उरलेल्या मुलांना सात किलोमीटरवरची शाळा. मुलगे जायचे, निदान काही महिने. मुलींची शाळा त्या सात किलोमीटरांतच संपायची. आजूबाजूच्या शाळांमधले सहावी ते आठवीचे वर्ग असे एकेक करून विझले. टाकीखालच्या शाळेत मात्र सहावीत पस्तीस मुलं होती आणि आकडा एकाहत्तर. हंचाटेबाई मनातल्या मनात म्हणायच्या, शिकवावं लागतं बाबांनो, शिकवावं लागतं.

मार्चमध्ये वर्गलय केंद्रातून डॉ. निशिगंधा खरटमल आल्या. पस्तिशीची, बारीक अंगाची, भराभर बोलणारी बाई. याच शाळेत त्या आठवीपर्यंत शिकल्या होत्या, त्यामुळे त्यांनी आल्या आल्या वाकून बाईंच्या पायाला हात लावला. शिक्षकांच्या खोलीत चहा आला. बाईंनी आपली कामाची पद्धत सांगायची तयारीच केली होती. अपूर्णांक भाकरीवर कसे शिकवते, कविता तीनदा का म्हणून घेते, सगळं.

"बाई, फेब्रुवारीत तुमचा आकडा नऊ दिवस घसरला होता," निशिगंधा म्हणाल्या. "चव्वेचाळीसवर आला होता."

"स्नेहसंमेलन होतं तेव्हा. पोरं उधळलेली."

"त्याच नऊ दिवसांत हरिणी येमूल गैरहजर होती."

"कांजिण्या आलेल्या तिला." बाईंनी कप खाली ठेवला. "तिचा काय संबंध?"

निशिगंधांनी मोबाइलवरचा एक आलेख पुढे केला. पस्तीस रेघा होत्या. चौतीस रेघा वरखाली करत होत्या आणि पस्तिसावीभोवती पिळल्यासारख्या येऊन मिळत होत्या.

"शंभरात एखादंच मूल असं निघतं. आम्ही त्याला लयधर म्हणतो. लय धरून ठेवणारं. ते वर्गातलं सगळ्यात हुशार मूल नसतं. कुठलीही गोष्ट कळली की आपला मेंदू पुढे पळतो. हिचा पळत नाही. तो थांबतो, शेजारचा कुठं अडलाय तिथं मागे जातो आणि त्याला घेऊन पुढे येतो. मग त्याच्या शेजारच्याला. तिला स्वतःला हे माहीतही नसतं. मागावर सगळे उभे धागे एका ताणात ठेवणारी काठी असते ना, तसं."

"म्हणजे माझं शिकवणं..."

निशिगंधांनी मोबाइल पुन्हा जवळ ओढला. आपल्या बाईंना हे तोंडावर कसं सांगायचं? त्यांनी आलेखावर बोट सरकवलं आणि फेब्रुवारीचे नऊ दिवस मोठे करून दाखवले. त्या दिवसांत बाईंनी तेच शिकवलं होतं, तसंच शिकवलं होतं, आणि रेघा सुटलेल्या दोऱ्यांसारख्या चहूकडे गेल्या होत्या. सव्वीस वर्षांत कुठल्या वर्षी वर्ग चांगला चालला, कुठल्या वर्षी नाही, हे हंचाटेबाईंना तोंडपाठ होतं. चांगल्या वर्षांचं श्रेय त्यांनी प्रत्येक वेळी स्वतःला दिलं होतं.

"आणखी एक आहे," निशिगंधा म्हणाल्या. "याची किंमत ती मोजते. चौथीत ती पहिली यायची, आता एकोणिसावी येते. वर्ग जितका चालतो तितकंच ती चालू शकते. काही वर्गांत तीन-चार लयधर असतात, तिथं ओझं वाटलं जातं. काचेच्या शाळेत तसे वर्ग आहेत; आकडा तुमच्याहून कमी दिसतो, पण तिथं कुणा एकाला सगळ्यांसाठी थांबावं लागत नाही. तिथं ही पोरगी कुठल्या कुठे जाईल. पण चौदाव्या वर्षाच्या आत. एकदा जोडण्या पक्क्या झाल्या की झाल्या."

"आणि माझी बाकीची चौतीस?"

"चव्वेचाळीस आकडा येईल. मग पालक जायला लागतील. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे."

"तू काय करशील माझ्या जागी?"

"मला नका विचारू, बाई. मी इथं होते तेव्हा माझ्या वर्गातही कुणीतरी असेलच ना धरून ठेवणारं. कोण होती, काय झालं तिचं, मी कधी शोधलं नाही. शोधायला धजत नाही." त्या उठल्या. "पालकांना सांगायचं काम वर्गशिक्षकांचं, असा नियम आहे. दुसऱ्या कुणी सांगायचं नाही. माझ्या कागदावर तिचं नाव नसेल."

दुसऱ्या दिवसापासून बाई हरिणीकडे बघू लागल्या. तिसरा बाक, भिंतीकडची जागा. दोन वेण्या, कोपर फाटलेलं दप्तर, कांजिण्यांचे कपाळावर उरलेले डाग. बाईंनी फळ्यावर उदाहरण घातलं की तिची पेन्सिल सगळ्यांच्या आधी कागदावर टेकायची. मग तिथंच थांबायची. डोळे बारीक व्हायचे, मान थोडी डावीकडे वळायची, जिथं मल्लिनाथ कोरे बोटं मोजत बसलेला असायचा. मल्लिनाथाच्या चेहऱ्यावरचा गोंधळ गेला की मागच्या बाकावरची शिफा हलायची, मग तिच्या मागचे दोघं. शेवटचं मूल लिहायला लागलं की हरिणीची पेन्सिल पुढे सरकायची. तोवर तास संपत आलेला असायचा. बाईंना तिचा राग आला. थोड्या वेळानं स्वतःचाच आला.

मेमध्ये पटनोंदणीची धावपळ असायची. भर उन्हात शिक्षकांनी घरोघर जायचं, ओट्यावर बसायचं, पाणी प्यायचं आणि मूल काढून नेऊ नका म्हणून गळ घालायची, ही महापालिका शाळांची जुनी रीत. हंचाटेबाई येमूलांच्या घरी गेल्या तेव्हा दारात गणवेशांचे गठ्ठे होते. हरिणीची आई लावण्या गणवेश शिवायची. सोलापूरच्या अर्ध्या बायका तेच करत. वीस वर्षांपूर्वी हीच लावण्या बाईंच्या सहावीत होती. आठवीनंतर तिची शाळा सुटली आणि शिलाई यंत्र आलं. नवरा दूरच्या गिरणीत असायचा आणि सणावाराला यायचा.

"बाई, तुम्ही कशाला आलाव उन्हात? मला बोलवायचं की!" लावण्यानं घाईनं खुर्चीवरचे कपडे उचलले. निळे सदरे, खिशावर काचेच्या शाळेचा बिल्ला. गठ्ठ्यांपासून वेगळा एक सदरा खुंटीला टांगलेला होता, त्याच्या बाह्या अजून जोडायच्या राहिल्या होत्या. तो कुणाच्या मापाचा आहे हे बाईंना विचारावं लागलं नाही.

"तिकडं टाकावं म्हणते हरिणीला," लावण्या खालच्या मानेनं म्हणाली, जणू काही चोरी पकडली गेली. "परीक्षा घेतली त्यांनी, घेतो म्हणालेत. तुमच्यावर राग नाही वो, बाई. पण चौथीत पयली यायची पोरगी. आता बघा की. काय झालं तिला, मला काहीच कळंना."

आतून हरिणी पाणी घेऊन आली. बाईंनी तिला जवळ बसवलं.

"तुला काय वाटतं, गं?"

"कुठंबी चालेल, बाई," हरिणी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण मला पटापट शिकायचंय. मला कळतं पुढचं काय येणार ते. अगदी दिसतं. पण हात पुढं जात नाही. कुणीतरी मागून वेणी धरल्यासारखं होतं."

बाईंनी पेला तोंडाला लावला आणि पाणी संपलं तरी तसाच धरून ठेवला. सांगायचं तर आत्ता सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे मल्लिनाथ आला, जो आता भागाकार करत होता. शिफा आली, जिचे वडील म्हणाले होते, शाळा इथं आहे तोवर शिकेल, लांब पाठवणार नाही. चौतीस चेहरे आले आणि त्यांच्या मागे, खरं सांगायचं तर, फाटकावरचा तो आकडाही आला. त्या आकड्याशिवाय आपण कोण, हे त्यांना अजून उमगायचं होतं.

"लावण्या, आपला आकडा किती आहे?"

"एकाहत्तर."

"आणि त्यांचा?"

"सहासष्ट."

"मग? चांगला वर्ग सोडून तू पोरीला कमी वर्गात घालणार? या वयात मुलं थोडी मागे पडतात. सातवीत घेईल ती उचल. माझ्यावर सोड तिला."

आकडे खरे होते. त्यांतून निघणारा अर्थ खोटा होता आणि तो त्या घरात एकट्या बाईंनाच माहीत होता. लावण्यानं क्षणभर खुंटीकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. बाईंनी सांगितलं म्हणजे विचार करायचं काम संपलं, हे तिला सहावीपासूनच ठाऊक होतं.

"तुम्ही म्हणताव तर राहू दे मग," ती म्हणाली. हरिणीनं पेला उचलला आणि आत गेली.

सातवी गेली, आठवी गेली. बाई वर्गाबरोबरच वर चढत गेल्या. आकडा सत्तरच्या खाली आला नाही. हरिणीनं उचल घेतली नाही. कधी कधी ती डोकं दुखतं म्हणून बाकावर कपाळ टेकायची आणि त्या पाच मिनिटांत वर्ग उगाचच कुजबुजायला लागायचा. मग बाई म्हणायच्या, "हरिणी, नीट बस बेटा." त्या बेटा म्हणायच्या, हेच त्यातलं सगळ्यात वाईट होतं.

आठवीच्या अखेरीला शहरातल्या चांगल्या हायस्कुलांची प्रवेश परीक्षा झाली. पस्तिसातली तेहेतीस मुलं लागली. मल्लिनाथ कोरे लागला. शिफा लागली, एवढ्या मोठ्या शाळेत नंबर लागल्यावर नाही म्हणायला तिच्या वडिलांची जीभ रेटली नाही. एक मुलगा गाव सोडून गेला होता, आणि एक हरिणी. बाईंना शाल, श्रीफळ आणि मानपत्र मिळालं. समारंभात लावण्या तिसऱ्या रांगेत बसून मनापासून टाळ्या वाजवत होती. नंतर जिन्यापाशी तिनं बाईंना गाठलं.

"बाई, सगळ्यांचं झालं. माझ्याच पोरीचं कसं वो? माझं काय चुकलं?"

"तुझं काही चुकलं नाही," बाई म्हणाल्या. त्या एवढंच खरं बोलल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

हरिणी दुसऱ्या एका हायस्कुलात गेली. तिथल्या नववीचा आकडा बत्तीस होता. दहावीला ती गणितात आणि विज्ञानात नापास झाली. त्याच सुमाराला टाकीखालच्या शाळेतल्या सहावीचा आकडा एकोणचाळीसवर आला. वर्गात लयधर नव्हता. बाई त्याच होत्या, आता सहावीलाच नेमलेल्या; भाकरीवरचे अपूर्णांक तेच होते. दिवाळीपर्यंत अकरा दाखले गेले, पट तेवीसवर आला. मुख्याध्यापक मुजावर सर दाखल्यांवर सही करताना डोकं धरून बसायचे.

मग सरकारी आदेश आला. ज्या शाळेत लयधर नाही तिथं सोळा वर्षांवरील लयधराला वर्गसोबती म्हणून नेमता येईल. त्यानं मुलांबरोबर बाकावर बसायचं, मुलांबरोबर शिकायचं. गणवेश सक्तीचा, कारण वेगळ्या कपड्यातल्या माणसाशी मुलांचे मेंदू ठेका जुळवत नाहीत असं आढळलं होतं. मुजावर सरांनी जुन्या आकड्यांशी हजेरीपट ताडून पाहिला होता; त्यांनी आदेश बाईंच्या हातात दिला आणि विचारलं, "आपली ती येमूलांची मुलगी, बाई? तुमची ओळख आहे ना घरी?"

निशिगंधा खरटमल त्याच आठवड्यात धापा टाकत आल्या.

"बाई, हे करू नका. मी समितीत विरोध केला, कुणी ऐकलं नाही. तिथं बसून नाटक चालत नाही. ज्याला पुढचं येतं त्याचा मेंदू सहावीच्या लयीत बसतच नाही. मग तो बसण्यासाठी काय करतो माहीत आहे? पुढचं सोडून देतो. थोडं थोडं करून. चौदानंतर नवीन पक्कं होत नाही, पण पक्कं झालेलंही रोज मागे ओढलं तर सुटत जातं. तिची सातवी-आठवी जी काही थोडी आहे, तीही जाईल. वर्षानुवर्षं तिथंच."

"ती तशीही घरी शिलाईच करतेय."

"शिलाई करणाऱ्या बाईचं वय वाढतं, बाई."

हंचाटेबाई खिडकीतून पटांगणाकडे बघत राहिल्या. तेवीस मुलं जेवणाच्या रांगेत उभी होती, त्यातल्या चौदा मुली. वर्ग बंद झाला तर या चौदा कुठे जातील हे त्यांना मोजून सांगता आलं असतं. "एकदा केलंय मी," त्या म्हणाल्या. "आता न करून काय तिची वर्षं परत येणार आहेत?"

निशिगंधांनी आपली पिशवी उचलली. त्या परत शाळेत आल्या नाहीत.

बाई पुन्हा येमूलांच्या घरी गेल्या. नोकरी म्हटल्यावर लावण्यानं यंत्र थांबवलं. सरकारी नोकरी म्हटल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं बाईंचे पाय धरले, शेजारच्या चार घरांत पेढे वाटले आणि म्हणाली, "बघ हरिणी, म्हटलं होतं की नाही, बाई काहीतरी करतील म्हणून." हरिणीनं बाईंकडे पाहिलं. सोळा वर्षांची झाली होती, उंच. "परत सहावीत बसायचं?" एवढंच तिनं विचारलं. आईनं तिला गप्प केलं.

आदेशात वर्गसोबतीची जागा ठरवून दिलेली नव्हती. हरिणी आपणहून तिसऱ्या बाकावर भिंतीकडे जाऊन बसली. पहिल्या सोमवारी आकडा एकोणचाळीस होता, तिसऱ्या सोमवारी अठ्ठावन्न, संक्रांतीला एकोणसत्तर. गेलेल्या अकरांपैकी सात जण परत आले. जूनमध्ये प्रवेशासाठी रांग लागली, काचेच्या शाळेतून दोन मुलं काढून आणली गेली, आणि शहरात पहिल्यांदाच महापालिकेच्या सहावीला जागा नाही म्हणून पालक भांडले. मुजावर सरांनी आणखी बाकं मागवली. शाळा वाचली होती, यात काही शंकाच नव्हती.

सुरुवातीला हरिणी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत येऊन बसायची, बाईंशी दोन शब्द बोलायची, मोठ्या मुलीसारखी. मुलं सातवीत गेली, ती सहावीतच राहिली. दुसऱ्या वर्षी ती पटांगणात थांबू लागली. तिसऱ्या वर्षी बाईंनी तिला लगोरी खेळताना पाहिलं. डाव बाद ठरवला म्हणून ती बारा वर्षांच्या पोरीशी भांडत होती आणि तिच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी तिला थांबवून घेतलं आणि वहीच्या पानावर एक साधं समीकरण लिहून दिलं. सातवीच्या पहिल्या धड्यातलं.

हरिणी बराच वेळ बघत राहिली. "बाई, इथं हे अक्षर का आहे? आकड्यांमध्ये?"

"आठवून बघ. आपण केलं होतं."

"नाही बाई. हे अजून झालं नाही आपलं." तिच्या बोलण्यात लाजही नव्हती आणि दुःखही. बाईंनी पान फाडून घेतलं आणि चुरगळून मुठीत ठेवलं. आपण हे मुद्दाम केलं, दोनदा केलं, हे त्यांनी स्वतःशी स्पष्ट शब्दांत म्हणून पाहिलं. घरी गेल्यावर त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वेळेवर शाळेत आल्या.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी हंचाटेबाई निवृत्त झाल्या. सगळ्या वर्गांनी मिळून पटांगणात मांडव घातला. मल्लिनाथ कोरे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होता, तो भाषण करायला आला आणि बोलता बोलता रडला. बाईंनी आम्हाला धरून ठेवलं, असं तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लावण्यानं स्वतः शिवलेली पिशवी बाईंच्या हातात दिली आणि त्यांना घट्ट मिठी मारली. बाईंनी ठरवलं होतं की आज तिला सांगायचं. त्यांनी वाक्यही जुळवून ठेवलं होतं. पण लावण्या म्हणाली, "तुमच्यामुळं पोरीचं सोनं झालं, बाई," आणि ते वाक्य तोंडातून निघालंच नाही.

मांडव रिकामा झाल्यावर बाई आपली पर्स आणायला वर्गात गेल्या. सहावीची मुलं दप्तरं भरून निघून गेली होती. तिसऱ्या बाकावर हरिणी एकटी वहीला कव्हर घालत बसली होती. एकोणीस वर्षांची, दोन वेण्या घातलेली, बाकात गुडघे मावत नव्हते म्हणून तिरकी बसलेली. बाई फळ्यापाशी थांबल्या. त्यांना तिची माफी मागायची होती. कुठून सुरुवात करावी आणि ती कोणाकडे मागावी, हे त्यांना कळेना.

"हरिणी," त्या म्हणाल्या, "मी उद्यापासून येणार नाही."

"माहीत आहे, बाई." हरिणीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, परीक्षा झालेल्या कुठल्याही मुलीच्या चेहऱ्यावर असते तेवढीच. "मग जूनमध्ये आम्हाला सातवीला कोण बाई येणार?"

हंचाटेबाईंनी नाव सांगितलं. हरिणीनं ते वहीच्या कव्हरवर, इयत्तेच्या खाली, वळणदार अक्षरात लिहून घेतलं.